मालधक्का

आमच्या घरात वेळ डोळ्यांना दिसण्याआधी कानांवर येते. मिरज जंक्शनपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांचं असंच होत असावं. सकाळची कोयना एक्सप्रेस मुंबईच्या दिशेनं भोंगा देत निघाली की गॅसवरची भाजी डब्यात पडलेली असावी लागते, आणि रात्रीची महालक्ष्मी येताना खिडकीच्या काचा बारीक थरथरल्या की दिवे मालवायचे. मधल्या मालगाड्यांना मात्र काळवेळ नसते. त्या कधीही येतात, लांबच लांब, कंटाळा यावा इतक्या सावकाश, आणि आमच्या घरातला एकच माणूस त्या शेवटच्या डब्यापर्यंत मोजतो. तो दहा वर्षांचा आहे. एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात, तोंडात ब्रश, आणि गॅलरीच्या गजांना गाल टेकलेला. पेस्टचा फेस ओघळून गणवेशाच्या कॉलरवर उतरलेला असतो, खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवून दमलेले असतात, आजोबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत असतात, आणि मी स्वयंपाकघरातून त्याच्या नावाचा गजर लावलेला असतो. यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. रुळांच्या सांध्यावरून जाताना भरलेला डबा आणि रिकामा डबा वेगळा वाजतो, एवढं मात्र तो संध्याकाळी मला आवर्जून सांगणार असतो.

त्याच्याजवळ फक्त आत्ता असतं.

आणि त्या आत्ताच्या पलीकडे एक मोठं धुकं, ज्यात उद्याची चाचणी, दुपारी परत आणायची पाण्याची बाटली, मामाचं लग्न आणि त्याचं स्वतःचं मोठं होणं, हे सगळं एकाच अंतरावर, सारखंच पुसट उभं असतं. आपण बाकीचे लोक उद्याकडे पायवाट असल्यासारखे चालत जातो. त्याला उद्या दिसतच नाही. तो एकदम येऊन अंगावर कोसळतो, रविवारी रात्री दहा वाजता, ‘आई, उद्या थर्माकोलचा किल्ला न्यायचाय’ या वाक्याच्या रूपानं. त्या वाक्याचा आवाज इतका निरागस असतो की रागवायला जागाच सापडत नाही. मग मी दुकानं बंद झालेल्या गावात थर्माकोल शोधते आणि तो, ज्याला दोन ओळींचं शुद्धलेखन पुरं करताना पाच वेळा पाणी प्यायला उठावं लागतं, तो त्या रात्री मान न वळवता बुरुज कापत बसतो. बारीक, नेटके, एकसारखे बुरुज. चोर दरवाजासुद्धा.

लोकांकडे या मुलासाठी शब्द खूप आहेत. द्वाड, वांड, चळवळ्या. अंगात किडे आहेत. पायाला भिंगरी लागलीय. कुणी म्हणतं मोबाईलनं झालं, कुणी म्हणतं एकुलता एक म्हणून, कुणी लांबचे काका जेवताजेवता सल्ला देतात की दोन ठेवून द्या, सरळ होतोय का नाही बघा. सोसायटीतल्या बायका ‘तारे जमीन पर’ बघायला सांगतात, आणि तो सिनेमा वाचनाच्या अडचणीवरचा आहे, हा पोरगा तर पुस्तकं चावून खातो, हे सांगायचं मी आता सोडून दिलंय. सगळ्यात प्रेमळ माणसं म्हणतात, अगं, बाळकृष्ण आहे तुझा! ते ऐकून बरं वाटतं. आणि लगेच यशोदा आठवते.

गोकुळाष्टमीला आपण लोणी, शिंकं, हंडी यांचं कौतुक करतो. यशोदेला कधी झोप मिळाली का, हे कुणी विचारत नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिनं त्याला उखळाला बांधायला दोर घेतल्याची गोष्ट आहे. दोर दोन बोटं कमी पडतो. ती दुसरा दोर आणून त्याला जोडते, तरी दोन बोटं कमी. घरातले सगळे दोर जोडून होतात, गवळणी हसायला लागतात, आणि अंतर तेवढंच. टीकाकारांनी त्या दोन बोटांचे सुंदर अर्थ लावलेत, की एक बोट भक्ताच्या श्रमाचं आणि एक देवाच्या कृपेचं. मला मात्र तिथं घामानं भिजलेली, वेणीतली फुलं गळून पडलेली बाई दिसते, जी सकाळपासून उभी आहे आणि जिला फक्त दूध उतू जायच्या आत एक काम पुरं करायचं आहे. आमच्या भिंतीवर रंगीत वेळापत्रक आहे. दाराच्या मागे सात चित्रं आहेत: डबा, बाटली, रुमाल, वही, कंपास, चष्मा, बूट. टेबलावर वाळूचं घड्याळ आहे, कारण आकड्यांची वेळ त्याला कळत नाही पण सरकणारी वाळू दिसते. चांगलं केलं की चांदणी, दहा चांदण्या झाल्या की कुल्फी. दोरावर दोर, गाठीवर गाठ. कुठलीही युक्ती काही दिवस चालते, मग तिच्यातलं नवेपण संपतं आणि तो तिच्या आरपार बघायला लागतो.

दोन बोटं कमी.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत त्याला काहीच विचारलं नाही. त्यांनी त्याला खोलीत मोकळं सोडलं आणि माझ्याशी बोलताबोलता त्याच्याकडे बघत राहिल्या. खुर्चीवर बसून, खुर्चीवर उभं राहून, खुर्चीच्या खालून अशा तीन बाजूंनी त्यानं ती खोली तपासली. मग एक कागद घरासाठी आणि एक शाळेसाठी मिळाला. प्रत्येक प्रश्नापुढे रकाने: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी. एकाच ठिकाणी त्रास दिसत असेल तर दोष त्या जागेचाही असू शकतो, म्हणून दोन्हीकडून विचारायचं. आणि बारा वर्षांच्या आतली, निदान सहा महिने टिकलेली लक्षणं धरायची, असं त्यांनी शांतपणे समजावलं. वस्तू हरवतो का? नेहमी. बोलणं मध्येच तोडतो का? नेहमी. आपली पाळी येईपर्यंत थांबणं जड जातं का? मी खुणा करत गेले आणि माझा मुलगा त्या कागदावर हळूहळू कमी कमी होत गेला. भाजीवाल्या मावशींच्या हातातल्या बांगड्या कमी झाल्यात हे घरात फक्त त्याला दिसतं, आणि ‘मावशी, काय झालं?’ असं विचारून त्या भर बाजारात रडल्या की तो त्यांच्या टोपलीशेजारी मांडी घालून बसतो, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तसा रकाना नव्हता. असायची गरजही नसावी. तो कागद वेगळ्या कामाचा होता. पण खुणा करणाऱ्या हाताला ते कळायला वेळ लागतो.

नाव मिळालं: एडीएचडी. चार अक्षरं, आणि त्यांच्यामागे मोठी वर्दळ.

मी रात्री वाचत बसायचे. फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमान नावाच्या डॉक्टरनं १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचं पुस्तक शोधलं, एकही मनास येईना, म्हणून कोरी वही आणून स्वतःच गोष्टी लिहून चित्रं काढली. त्याच्या त्या गाजलेल्या बालगीतांत पुढे एक चुळबुळ्या फिलिप आला. जेवणाच्या टेबलावर खुर्ची मागेपुढे झुलवणारा, आणि शेवटी टेबलावरच्या चादरीसकट ताटं, पाव, बाटल्या सगळं ओढून घेऊन खाली पडणारा. आजही या विकाराचा इतिहास सांगताना लोक त्या फिलिपपासून सुरुवात करतात. मी ते चित्र पुष्कळदा पाहिलंय. बाप ठणकावून बोलतो. आई मुक्यानं टेबलाकडे बघत राहते. तिला एकही वाक्य दिलेलं नाही.

योगायोग असा की दीडशेहून अधिक वर्षांनी ज्या संशोधकाचं नाव मी कागदावर लिहून ठेवलं तोही फिलिपच. फिलिप शॉ. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेकडो मुलांच्या मेंदूंची चित्रं वर्षानुवर्षं काढली आणि २००७ मध्ये सांगितलं की या मुलांचा मेंदू वेगळ्या वाटेनं जात नाही, त्याच वाटेनं जातो, फक्त उशिरा. मेंदूच्या बाह्य आवरणाचा निम्मा भाग आपल्या कमाल जाडीला पोचतो ते वय इतर मुलांत साधारण साडेसात. या मुलांत साडेदहा. कपाळामागचा, थांबवणारा, आवरणारा, ‘जरा दम धर’ म्हणणारा भाग सगळ्यात मागे राहिलेला. आणि एकच भाग उलट किंचित आधी तयार झालेला: हालचालींचा.

मी पुस्तक मिटून शेजारच्या खोलीत गेले होते ते आठवतं. तो झोपलेला होता, पण पाय जागे होते. पांघरुणाखाली एक टाच सारखी घासत होती. पावलं आधी निघाली आहेत आणि त्यांना थांब म्हणणारा माणूस तीन वर्षं मागच्या स्टेशनात आहे. दहा वर्षांच्या उंचीत सात वर्षांचा धीर. त्या रात्रीपासून त्याचं वय विचारलं की माझ्या मनात दोन आकडे येतात आणि मी मोठा सांगते.

औषधाबद्दल फार लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण त्यावर सगळ्यांचंच मत असतं आणि ते त्यांनी जेवणाच्या पंगतीत सांगून झालेलं असतं. पण त्या छोट्या गोळीचा प्रवास मला सोडवत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका मुलांच्या इस्पितळात चार्ल्स ब्रॅडली नावाचा डॉक्टर तपासणीनंतर मुलांचं डोकं दुखतं म्हणून त्यांना बेंझेड्रिन देऊन बघतो. डोकेदुखी काही जात नाही, पण मुलं अभ्यासाला बसतात. अस्वस्थ मुलाला तरतरी आणणारं औषध द्यावं आणि तो निवांत व्हावा, हे त्याला स्वतःलाही चमत्कारिक वाटलं असणार. मुलांनी त्या गोळ्यांना नाव दिलं गणिताच्या गोळ्या. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पानिझोन यानं मिथिलफेनिडेट बनवलं आणि बायकोच्या लाडक्या नावावरून त्याला रिटालिन म्हटलं. रिटा. कुणाच्या तरी प्रेमाचं नाव असलेली गोळी माझ्या मुलाच्या जिभेवर जाते, मेंदूत डोपामीन थोडं जास्त वेळ रेंगाळू देते, आणि दुपारी उतरून जाते.

१९३७ हे साल मिरजकरांना दुसऱ्याच कारणानं माहीत असतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अब्दुल करीम खाँसाहेब मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते; गाडीत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगापेरुमाळ कोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले, फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा लावला, आणि सुरांतच प्रार्थना करत गेले. त्यांची कबर इथं, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण औषधाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं की मन असंच कुठूनही कुठं जातं. हे औषध शेड्यूल एक्समध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, रजिस्टरात नोंद होते, आणि प्रत्येक दुकानात ते मिळतही नाही. दुकानदार चिठ्ठीवरून माझ्याकडे आणि माझ्यावरून चिठ्ठीकडे बघतो. त्या नजरेची सवय होत नाही.

मला एक भीती होती, तिचं नाव घेत नव्हते. गोळी घेतल्यावर तो मालगाडी मोजेल का?

मोजतो. फक्त हाक मारली की आता वळून बघतो. ‘थांब ना आई, थोडेच डबे राहिलेत.’ हे ‘थांब ना’ आधी नव्हतं. त्यासाठी मागे-पुढे दोन्हीकडे बघावं लागतं. डबा मात्र दुपारी जसाच्या तसा घरी येतो, भूक मेलेली असते, आणि संध्याकाळी औषध उतरताना दिवसभर आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडतं: बूट एका कोपऱ्यात, दप्तर दुसऱ्या कोपऱ्यात, डोळ्यांतून पाणी, कारण पोळीचे तुकडे मी केले आणि ते त्याला करायचे होते. त्या तासाला आमच्या घरात कुणी कुणाला शहाणपण शिकवत नाही. भात, तूप, मेतकूट. आणि शांतता, जमेल तेवढी.

सतारमेकर गल्लीत तो पहिल्यांदा गेला तो माझ्याबरोबर नव्हे, पावसाबरोबर. मी भाजी घेत होते, सर आली, सगळे आडोशाला पळाले आणि माझ्या हातातला हात सुटला. या मुलांच्या आयांना तो क्षण ठाऊक असतो, तळहात एकदम हलका होतो. दोनचार दुकानं धुंडाळल्यावर तो सापडला एका उंबऱ्यावर. आत छताला भोपळे टांगलेले होते, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, वाळून हलके झालेले, मातकट, पोटुशा बायांसारखे स्वस्थ. लाकडाचा भुसा, लाखेच्या पॉलिशचा उग्र गोड वास, आणि मधोमध मांडीवर तंबोरा आडवा घेऊन एक म्हातारे कारागीर जवारी काढत बसलेले. घोडीवर कानस अगदी केसाएवढी फिरवायची, तारा चढवायच्या, छेडायच्या, ऐकायचं, उतरवायच्या, पुन्हा कानस. हे काम बघायला कुणी थांबत नाही. बघण्यासारखं त्यात काही नसतंच, सगळं ऐकण्याचं.

तो ऐकत होता. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यांवर, बोटंसुद्धा निश्चल. चाचांनी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, रेसभर मागे, रेसभर पुढे, आणि एका जागी त्या मेल्यासारख्या तारेतून अचानक मधमाश्या उठल्या. आवाजाच्या आतून आवाज, त्याच्याही आतून आणखी एक, सगळी खोली भरून, भोपळ्यांच्या पोटांत घुमून आमच्या अंगावर परत येणारा. माझ्या मुलानं श्वास सोडला. मग चाचांना म्हणाला, ‘मगाचचं बंद होतं. आता उघडलं.’

चाचांनी कानस खाली ठेवली. इथल्या या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे; हत्यारांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, तेच हात तारांकडे वळले. असा माणूस कौतुक वायफळ करत नाही. त्यांनी त्याला आतला पाट दाखवला. ‘इधर बैठ, बेटा.’ आणि मला म्हणाले, ‘राहू दे बाई. तुम्ही भाजी घेऊन या.’

मी भाजी घेतली, चहा घेतला, पाऊस थांबलेला बघितला, पुन्हा आलेला बघितला. दिवेलागणीला परत गेले तेव्हाही तो तिथंच होता. ज्याच्यासाठी शाळेच्या वहीत लाल शाईनं दर आठवड्याला एकच वाक्य येतं, की पाल्य एका जागी बसत नाही.

हे मी नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांनी सगळी नोकरी मिरजेच्या मालधक्क्यावर काढली, गुड्स क्लार्क म्हणून, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गाडी लेट झाली की त्यांचाच अपमान होतो. नातवाचं आणि त्यांचं गणित मला कधी नीट कळलेलं नाही. एकाला मिनिट म्हणजे देव, दुसऱ्याला मिनिट म्हणजे काय ते ठाऊक नाही. तरी दोघं गॅलरीत तासन्‌तास बसतात. त्या दिवशी नाना सुपारी कातरत होते. कातरताकातरता म्हणाले, ‘आमच्या मिरजेत एके काळी तीन गेज होते, माहीत आहे ना तुला?’

माहीत होतं, या घरात न माहीत असून चालत नाही. ब्रॉडगेज, मीटरगेज, आणि पंढरपूरकडून येणारी बार्शी लाइटची नॅरोगेज, अडीच फुटांची, १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आलेली, वारकऱ्यांनी टपापर्यंत भरणारी छोटी गाडी. एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ. एकावरचा डबा दुसऱ्यावर चालायचा नाही.

‘मग माल यायचा बार्शी लाइटनं आणि जायचा असायचा ब्रॉडगेजनं. तेव्हा काय करायचो आम्ही? डब्याला शिव्या द्यायचो? का म्हणायचो, जरा रुंद हो, मन लावून रुंद हो, बाकीचे बघ कसे रुंद आहेत?’ कातर थांबली. ‘हमाल लावायचो. पोतं उचलायचं, या डब्यातून काढायचं, त्या डब्यात ठेवायचं. दिवसभर. तेच काम. तू तेच करतेस.’

मी हसून विचारलं, ‘आणि सांडलवंड झाली तर?’

‘व्हायचीच. फुटतुटीचं वेगळं रजिस्टर असायचं.’

नंतर बराच वेळ सुपारीचाच आवाज येत राहिला. मला वाटलं विषय संपला. पण नाना पुढं बोलले, माझ्याकडे न बघता, रुळांच्या दिशेनं. ‘मला कुठं वेळ कळायची गं. शाळेत तीनदा नापास. वडील म्हणायचे, याच्या डोक्यात वारा भरलाय. रेल्वेत लागलो आणि सुटलो. मला वेळ कळावीच लागली नाही. गाडी यायची, म्हणून कळायची.’

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सुपारी कातरणारे, एरवी कागदाच्या कडा दुमडणारे, सुतळीच्या गाठी मारणारे आणि सोडणारे, टीव्ही बघताना गुडघ्यावर ताल धरणारे ते हात. झोपतानाही न उतरवलेलं घड्याळ. चहाचं आधण ठेवून विसरून जातात म्हणून सासूबाईंनी हयातभर त्यांना गॅसकडे फिरकू दिलं नाही. हा विकार घराण्यातून उतरतो, जवळजवळ उंची उतरते तितक्याच खात्रीनं, हे मी पुस्तकात अधोरेखित केलेलं होतं. आणि घरात कोयनेच्या भोंग्यावर दाढी, पॅसेंजरवर चहा, महालक्ष्मीवर अंथरूण असं ज्याचं आयुष्य बाहेरून बांधलेलं आहे, त्याला मी इतकी वर्षं शिस्तीचा माणूस समजत होते. अख्खी दक्षिण मध्य रेल्वे त्यांचा दोर झाली होती. आणि तो पुरला होता.

त्यानंतर माझं मला घड्याळ असणं पूर्वीइतकं जड वाटत नाही. दमणूक तीच आहे. दात घास, मोजा, दुसरा मोजा, बाटली, बाटलीचं झाकण: ही माझी रोजची पूजा, आणि तिच्यात भाव असतोच असं नाही. कधी आवाज चढतो, इतका की शेजारचं दार हळूच लागतं. एकदा मी अशीच तारस्वरात असताना तो कपाटावर चढून, नाक दाबून, घोषणेच्या सुरात म्हणाला, ‘यात्रीगण कृपया ध्यान द्या. आईची गाडी थोड्याच वेळात चिडण्याची शक्यता आहे.’ नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, आणि रिक्षा निघून गेली.

पण तो नेहमी हसवत नाही. वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला सगळ्यांना बोलावलं होतं आणि याला नव्हतं, हे त्यानं मला आठवड्यानं सांगितलं, अंधारात, मच्छरदाणीच्या आत, छताकडे बघत. ‘मी मध्येमध्ये बोलतो ना, म्हणून.’ मग थोड्या वेळानं, ‘आई, तुझ्या डोक्यात एका वेळी एकच जण बोलतो का गं?’ मी म्हटलं, बहुतेक वेळा एकच. त्यानं जरा विचार केला. ‘किती छान,’ म्हणाला. ‘माझ्यात सगळे एकदम बोलतात. आणि मग बाहेरचे पण.’ त्याच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा तो तापलेला नव्हता, तरी मी हात काढला नाही. बाहेर मालगाडी चालली होती, रिकामी, आणि ती रिकामी आहे हे मलाही ऐकू आलं.

आता जूनमध्ये पाचवीला नवी शाळा. तिचा अर्ज काल रात्री भरायला घेतला. त्यात ‘विशेष गरज: होय / नाही’ असा एक रकाना आहे आणि पुढे अर्धी ओळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. याचं नाव स्वतंत्रपणे नाही. मी ‘होय’वर खूण केली आणि अर्धी ओळ पुरेना म्हणून वेगळा कागद जोडला. लिहिलं की याला खिडकीपासून लांब आणि फळ्याजवळ बसवा. फळा पुसायला, वह्या वाटायला, पाणी आणायला याला उठवत जा, म्हणजे तो न सांगता उठणार नाही. सूचना तीन असतील तर एकेक करून द्या. चूक सगळ्यांसमोर सांगू नका. बाजूला घेऊन सांगितलेली तो विसरत नाही. गृहपाठ त्याच्या लक्षात राहीलच असं धरू नका, वहीत लिहिलंय का तेवढं बघा, बाकी मी बघते. इतकं लिहून झाल्यावर नानांनी चष्मा लावून ते वाचलं आणि एकच दुरुस्ती सुचवली: ‘फुटतूट होईल’ हे आधीच कळवून ठेव. तेही लिहिलं, जरा सभ्य भाषेत.

मी पाणी प्यायला उठले तेवढ्यात अर्ज त्याच्या हाती लागला होता. ‘छंद’ हा रकाना मी मुद्दाम कोरा सोडला होता, बुद्धिबळ लिहावं का वाचन, काय बरं दिसेल, हा विचार करत. तो त्यानं भरून टाकला होता, पेनानं, रेघेच्या खाली उतरत गेलेल्या आपल्या अक्षरात: ‘आजचा सांगू का? जवारी.’ अर्जाच्या तळाशी छापलेलं आहे की खाडाखोड चालणार नाही. मी तो तसाच पाकिटात घातला.